आधी सांधा शोधा: इंग्रजी सामासिक विशेषणांतले सिलॅबल आणि आघात

‘द क्लॉक इज ओल्ड-फॅशन्ड’ आणि ‘अ‍ॅन ओल्ड-फॅशन्ड क्लॉक’. हे दोन तुकडे एखाद्या इंग्रजी भाषकाच्या तोंडून लागोपाठ ऐका. विशेषण तेच आहे, पण पहिल्या तुकड्यात जोर ‘फॅ’वर पडतो आणि दुसऱ्यात तो उडी मारून ‘ओल्ड’वर जातो. शब्दकोशात मात्र बहुतेक वेळा एकच उच्चार छापलेला असतो. इंग्रजी उच्चार मनापासून शिकणारा विद्यार्थी इथे गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ रास्त आहे.

ही उडी समजण्यासारखी आहे. त्यासाठी आधी शब्द कुठे जोडला आहे ते दिसायला हवं, मग तो किती तुकड्यांत बोलला जातो ते, मग त्या जोडणीचा प्रकार, आणि सगळ्यात शेवटी वाक्यातली जागा. हा क्रम मोडला की सगळं पाठांतरावर येतं.

खुणा आधी सांगतो. आडवी रेघ म्हणजे दोन शब्दांमधला सांधा. मधला ठिपका (·) म्हणजे सिलॅबलची, म्हणजे एका झटक्यात बोलल्या जाणाऱ्या तुकड्याची, फोड. वरची उभी खूण (ˈ) मुख्य आघाताची, म्हणजे मुख्य जोराची, खालची (ˌ) दुय्यम आघाताची. या खुणा ज्या सिलॅबलवर आघात आहे त्याच्या आधी येतात. शब्दकोश वाचताना बरेच जण खूण मागच्या सिलॅबलची समजतात आणि उच्चार नेमका उलटा करतात. इथले उच्चार ब्रिटिश वळणाचे आहेत.

आपल्या कानाची सवय

मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. वृत्तात आपण लघु-गुरू मोजतो, पण ते वेळेचं माप आहे: लघूला एक मात्रा, गुरूला दोन. त्यामुळे कान लांबी पकडायला तयार असतो, जोर पकडायला नाही. इंग्रजी आघातात चार गोष्टी एकदम घडतात. आवाज किंचित मोठा होतो, स्वर किंचित लांबतो, आवाजाची पट्टी बदलते आणि स्वर स्वच्छ, पुरा उच्चारला जातो. आघात नसलेलं सिलॅबल आक्रसतं आणि त्यातला स्वर बहुधा पुसट ‘अ’ होतो.

‘अ‍ॅब्सेंट’ म्हणताना आपण दुसऱ्या सिलॅबलमध्ये चांगला ठसठशीत ‘ए’ लावतो. इंग्रजीत तो ‘ˈअ‍ॅब्·सन्ट’ असतो. म्हणजे एका ठिकाणी जोर देऊन काम संपत नाही, बाकीच्या ठिकाणांवरचा काढून घ्यावा लागतो. माझ्या अनुभवात मराठी माणसाला हे दुसरं काम जास्त जड जातं. जोर द्यायला सगळे शिकतात, सोडायला वेळ लागतो.

पहिली पायरी: सांधा

सामासिक विशेषण, म्हणजे दोन किंवा जास्त शब्द जोडून बनलेलं विशेषण, तोडायला घेतलं की पहिली काप सांध्यावरच घालायची. मध्ये आडवी रेघ छापलेली असेल तर प्रश्न नाही. पण ‘होमसिक’, ‘वॉटरप्रूफ’, ‘ट्रस्टवर्दी’, ‘हार्टब्रोकन’ हे शब्द सलग लिहिले जातात, तिथे सांधा स्वतः शोधावा लागतो. छापील रेघेवरून आघात मात्र कळत नाही. ‘वेल-नोन’ नामाआधी आला की रेघ देतात, वाक्याच्या शेवटी आला की पुष्कळदा देत नाहीत. ती लिहिण्याची रीत आहे, कानाचा तिच्याशी संबंध नाही.

सांध्याला इतकं महत्त्व का, ते एका जुन्या जोडीवरून कळतं. ‘ग्रे टेप’ आणि ‘ग्रेट एप’ या दोन्हींत ध्वनी तेच आहेत आणि क्रमही तोच. फरक फक्त ‘ट’ कोणाच्या वाट्याला जातो याचा. तळहात ओठांसमोर धरा आणि एखादी चांगली ध्वनिफीत ऐकून दोन्ही म्हणून बघा. ‘टेप’मधला ‘ट’ आघाती सिलॅबलच्या सुरुवातीला आहे, म्हणून त्याच्या मागोमाग हवेचा छोटा झोत हाताला लागतो. ‘ग्रेट’मधला ‘ट’ शेवटी आहे, तिथे झोत नाही. इंग्रजी कान या झोतावरून सांधा ओळखतो.

आता ‘पेन्झटेकिंग’ घ्या, म्हणजे अतिशय कष्टपूर्वक केलेलं. हा शब्द ‘पेन्झ’ आणि ‘टेकिंग’ यांचा बनला आहे: कष्ट घेणारा. सांधा राखून बोललात तर ‘झ’ घोषयुक्त, म्हणजे घशात कंप असलेला, राहतो आणि ‘ट’ला हवा मिळते. काही इंग्रजी भाषकांच्या तोंडी मात्र सांधा सरकून ‘पेन-स्टेकिंग’ झालेलं ऐकू येतं. तिथे ‘स्ट’ एकत्र येतो आणि ‘ट’ कोरडा पडतो, कारण ‘स’च्या मागून आलेल्या ‘ट’ला इंग्रजीत झोत नसतो. एका सांध्याच्या जागेने दोन व्यंजनं बदलली.

आपला ‘ट’ मुळात कोरडाच असतो, म्हणून सांधा मनात ठेवूनही तो ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. ‘हॉट-टेम्पर्ड’, ‘टू-टोन’, ‘कोल्ड-प्रूफ’ असे शब्द म्हणताना सांध्यानंतरच्या ‘ट’, ‘प’, ‘क’ला हलका श्वास द्या. पुरा ‘ठ’ किंवा ‘ख’ नको. दोन्हींच्या अधलंमधलं काहीतरी.

दुसरी पायरी: सिलॅबल मोजा

सिलॅबल म्हणजे आपलं लिखित अक्षर नाही. ‘घर’ आपण दोन अक्षरी लिहितो, पण बोलताना तो एकच झटका असतो. इंग्रजीतही लिपी विसरून कानाने मोजायचं. हनुवटीखाली हाताची पाठ ठेवून शब्द सावकाश म्हटला तर जितक्या वेळा हनुवटी खाली येते साधारण तितकी सिलॅबल. अपवाद आहे. ‘मिड्ल’च्या दुसऱ्या सिलॅबलमध्ये स्वरच नसतो, ‘ल’ एकटाच ते सिलॅबल तोलून धरतो. तिथे हनुवटी फसवते.

सामासिक विशेषणांत मोजणी सर्वांत जास्त चुकते ती शेवटच्या ‘-ईडी’वर. नियम असा की मूळ शब्द ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल तरच या प्रत्ययाचं वेगळं सिलॅबल होतं. म्हणून ‘ˌकाइन्ड-ˈहार्·टिड’ तीन सिलॅबलचा, ‘ˌलेफ्ट-ˈहॅन्·डिड’ तीनचा, ‘ˌअ‍ॅब्·सन्ट-ˈमाइन्·डिड’ चारचा. बाकी ठिकाणी प्रत्यय नुसतं व्यंजन होऊन मागच्या सिलॅबलला चिकटतो. ‘ˌब्लू-ˈआइड’ दोनचा, ‘ˌथिक-ˈस्किन्ड’ दोनचा, ‘ˌओल्ड-ˈफॅ·शन्ड’ तीनचा, ‘ˌबॅड-ˈटेम्·पर्ड’ तीनचा. ‘फेस’सारख्या अघोष शेवटानंतर तो ‘ड’ न राहता ‘ट’ होतो: ‘ˌटू-ˈफेस्ट’. ‘फॅशनेड’, ‘टेम्परेड’ असे उच्चार वर्गात रोज ऐकू येतात, आणि ते एका जास्तीच्या सिलॅबलपायी अख्ख्या शब्दाचा ताल घालवतात.

दोन शब्द या नियमाला बगल देतात. ‘फोर-लेगेड’मध्ये ‘ˈलेग्ड’ही चालतं आणि ‘ˈले·गिड’ही. ‘एज्ड’ तर एकाच शब्दाचे दोन चेहरे दाखवतो. ‘म्हातारी माणसं’ या अर्थी ‘दि ˈए·जिड’ म्हणतात तेव्हा दोन सिलॅबल, पण ‘ˌमि·ड्ल-ˈएज्ड’मध्ये एकच. ‘मिडल-एजेड’ म्हणणाऱ्याला ‘एजिड’ कुठूनतरी ऐकून माहीत असतं, जागा मात्र चुकते.

मधलं व्यंजन कोणाला द्यायचं, ‘लुक·इंग’ की ‘लु·किंग’, यावर ध्वनिशास्त्रज्ञांत एकमत नाही. छापील पुस्तकात ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम वेगळे, तोंडातली फोड वेगळी. यात फार वेळ घालवू नका. सांध्यावरची काप पक्की असेल तर आतल्या एका व्यंजनाने आघात हलत नाही.

वेगाने बोलताना मात्र सांध्यावर तीन गोष्टी घडतात, आणि त्या मुद्दाम शिकण्यासारख्या आहेत. एक, दुसरा भाग स्वराने सुरू होत असेल तर आधीचं व्यंजन त्याला जाऊन मिळतं. ‘ˌओ·पन-ˈएन्·डिड’मध्ये थांबा नसतो, आणि ‘फार-ऑफ’मध्ये एरवी मुका असलेला ब्रिटिश ‘र’ जागा होऊन ‘ˌफार्-ˈऑफ’ असा जोडून ऐकू येतो. दोन, व्यंजनांच्या गर्दीत मधला ‘ट’ किंवा ‘ड’ गळतो. ‘ओल्ड-फॅशन्ड’ सहज बोलण्यात ‘ओल्-फॅशन्ड’ होतं, ‘फर्स्ट-क्लास’ ‘फर्स्-क्लास’ आणि ‘लास्ट-मिनिट’ ‘लास्-मिनिट’. तीन, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच व्यंजन असेल तर ते दोनदा फुटत नाही. ‘हॉट-टेम्पर्ड’मध्ये जीभ एकदा टेकते, क्षणभर तिथेच राहते आणि एकदाच सुटते. हे आपल्याला शिकवावंच लागत नाही. ‘पट्टा’ म्हणताना आपण तेच करतो, फक्त सुटताना हवेचा झोत वाढवायचा.

तिसरी पायरी: समास ओळखा

इथे मराठी शाळेत शिकलेलं व्याकरण थेट उपयोगाला येतं. इंग्रजी पुस्तकं ‘विशेषण अधिक नाम अधिक प्रत्यय’ अशा याद्या देतात. त्यापेक्षा समासाचा विग्रह करून बघितलेला लवकर लक्षात राहतो.

‘ब्लू-आइड’ म्हणजे ज्याचे डोळे निळे आहेत असा. हा उघड उघड बहुव्रीही, आपल्या ‘नीलकंठ’सारखा. या कुळात मुख्य आघात दुसऱ्या भागावर असतो आणि पहिल्यावर दुय्यम: ‘ˌशॉर्ट-ˈसाइ·टिड’, ‘ˌकोल्ड-ˈब्ल·डिड’, ‘ˌगुड-ˈने·चर्ड’. विशेषण किंवा क्रियाविशेषण पुढे आणि धातुसाधित मागे अशी जोडणीही याच वळणाने जाते: ‘ˌगुड-ˈलुकिंग’, ‘ˌहार्ड-ˈवर्किंग’, ‘ˌई·झी-ˈगोइंग’, ‘ˌफार-ˈफेच्ट’, ‘ˌवेल-ˈनोन’.

‘होमसिक’चा विग्रह करायला विभक्ती लागते: घरासाठी व्याकूळ. हा तत्पुरुष. ‘सीसिक’ म्हणजे समुद्रामुळे आजारी, ‘वॉटरप्रूफ’ पाण्यापासून सुरक्षित, ‘ट्रस्टवर्दी’ विश्वासाला पात्र, ‘टाइम-कन्झ्यूमिंग’ वेळ खाणारं. या कुळात मुख्य आघात पहिल्या भागावर येतो: ‘ˈहोम·सिक’, ‘ˈवॉ·टर·प्रूफ’, ‘ˈट्रस्ट·वर्·दी’, ‘ˈटाइम-कन्·झ्यू·मिंग’. ‘ˈहार्ट·ब्रेकिंग’, ‘ˈब्रेथ·टेकिंग’, ‘ˈरे·कॉर्ड-ब्रेकिंग’, ‘ˈक·लर-ब्लाइंड’ हेही याच घरातले.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगाविशी वाटते. समासाचा प्रकार आघातावरून ओळखणं आपल्या परंपरेला नवीन नाही. पतंजलीच्या महाभाष्यात ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा दाखला आहे. वैदिक भाषेत तत्पुरुषाचा उदात्त, म्हणजे चढ्या पट्टीचा आघात, साधारणपणे शेवटी येतो आणि बहुव्रीहीत पहिल्या पदाचा मूळ आघात टिकतो. वृत्राने इंद्राला मारावं म्हणून केलेल्या यज्ञात ‘इंद्राला मारणारा’ या अर्थी तत्पुरुष हवा होता, पण उदात्त चुकून पहिल्या पदावर पडला आणि अर्थ ‘इंद्र ज्याला मारणारा आहे’ असा झाला. वृत्र मारला गेला. इंग्रजीचा कारभार नेमका याच्या उलट आहे: तत्पुरुषात आघात पहिल्या भागावर, बहुव्रीहीत दुसऱ्या. मला स्वतःला हा उलटेपणा कळला त्या दिवसापासून या दोन कुळांची गल्लत कधी झाली नाही.

तिसरं कूळ उपमेचं आणि अतिशयतेचं: ‘ˌस्नो-ˈव्हाइट’, ‘ˌआइस-ˈकोल्ड’, ‘ˌरे·झर-ˈशार्प’, ‘ˌडर्ट-ˈचीप’, ‘ˌब्रँड-ˈन्यू’, ‘ˌक्रिस्·टल-ˈक्लिअर’. बर्फासारखा थंड, वस्तऱ्यासारखं धारदार. पहिला भाग नाम आहे म्हणून हे शब्द तत्पुरुष वाटतात आणि विद्यार्थी ‘ˈआइस-कोल्ड’ म्हणतात. विग्रहात ‘सारखा’ किंवा ‘अगदी’ आला की आघात दुसऱ्या भागावर, एवढं लक्षात ठेवा.

आता अपवाद, कारण ते लपवून नियम सांगणं प्रामाणिक नाही. ‘-फ्री’ आणि ‘-फ्रेंडली’ने संपणारे शब्द विग्रहाने तत्पुरुष असूनही आघात दुसऱ्या भागावर घेतात: ‘ˌड्यू·टी-ˈफ्री’, ‘ˌशु·गर-ˈफ्री’, ‘ˌयू·झर-ˈफ्रेंड·ली’. त्यांच्यातच ‘ˈकेअर·फ्री’मध्ये मात्र तो पहिल्या भागावर. नाम आणि भूतकालवाचक धातुसाधित यांची जोडणी तर सरळ दोन गटांत फुटते. ‘ˌहोम-ˈमेड’, ‘ˌहँड-ˈमेड’, ‘ˌहोम-ˈग्रोन’ एकीकडे, ‘ˈहार्ट·ब्रोकन’, ‘ˈसन·बर्न्ट’, ‘ˈमॉथ-ईटन’, ‘ˈपॅ·निक-स्ट्रिकन’ दुसरीकडे. इथे अंदाज बांधू नका, शब्दकोश उघडा.

चौथी पायरी: वाक्यातली जागा

आता ती उडी. दोन जोरदार आघात एकमेकांना खेटून येणं इंग्रजीच्या तालाला मानवत नाही. ‘ˌवेल-ˈनोन’च्या लगेच पुढे ‘ˈराइटर’ आला की ‘नोन’ आणि ‘राय’ एकमेकांवर आदळतात. मग भाषा काय करते? ‘वेल’वर आधीच एक दुय्यम आघात पडून आहे. त्याला बढती मिळते, ‘नोन’ मऊ होतो आणि दोन जोरांमध्ये श्वास घ्यायला जागा तयार होते: ‘अ ˈवेल-नोन ˈराइटर’. ‘थर्टीन’चंही हेच आहे. एकटा असताना ‘थर्ˈटीन’, पण ‘ˈथर्टीन ˈमेन’. ‘आफ्टरˈनून’ एकटा, पण ‘ˈआफ्टरनून ˈटी’.

म्हणजे उडी मारायला पहिल्या भागावर दुय्यम आघाताची पायरी आधीपासून असावी लागते. बहुव्रीही आणि उपमेच्या कुळांत, आणि दुसऱ्या भागावर आघात घेणाऱ्या अपवादांतही, ती असते, म्हणून तिथे जोर सरकतो: ‘द ब्रेड इज होम-ˈमेड’, पण ‘ˈहोम-मेड ˈब्रेड’. ‘इट्स ब्रँड-ˈन्यू’, पण ‘अ ˈब्रँड-न्यू ˈकार’. ‘सेकंड-ˈहँड’, पण ‘अ ˈसेकंड-हँड ˈबुक’. तत्पुरुष कुळात मुख्य आघात मुळातच पहिल्या भागावर असतो, त्यामुळे काहीच हलत नाही. ‘शी इज ˈहोमसिक’ आणि ‘अ ˈहोमसिक ˈचाइल्ड’.

लांब जोडण्यांनाही हाच न्याय. ‘ˌअप-टु-ˈडेट’ नामाआधी ‘अ‍ॅन ˈअप-टु-डेट ˈलिस्ट’ होतं. ‘ˌमॅटर-ऑफ-ˈफॅक्ट’, ‘ˌडाउन-टु-ˈअर्थ’, ‘ˌटेन-यिअर-ˈओल्ड’ यांचंही तेच. मधले ‘टु’, ‘ऑफ’ अगदी पुसट ठेवा, नाहीतर ताल मधोमध अडखळतो.

ही सरकण सक्तीची नाही. सावकाश किंवा ठासून बोलताना काही वक्ते ती करत नाहीत, आणि ते चूक ठरत नाही. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांच्या १९९० साली प्रथम निघालेल्या उच्चारकोशात ज्या शब्दांत ती होऊ शकते त्यांच्यापुढे डावीकडे वळलेला छोटा काळा त्रिकोण (◂) छापलेला आहे. ही खूण दिसली की शब्द दोन्ही जागी म्हणून बघायचा. सगळ्या शब्दकोशांत अशी खूण असती तर अर्धी डोकेदुखी वाचली असती.

विरोध दाखवायचा असेल तर वरचे सगळे नियम बाजूला पडतात. ‘ही इज नॉट ˈराइट-हँडेड, ही इज ˈलेफ्ट-हँडेड’. शब्द वाक्याच्या शेवटी असूनही जोर पहिल्या भागावर, कारण फरक तिथे आहे.

एक शब्द पूर्ण सोडवून

‘अ‍ॅन अ‍ॅब्सन्ट-माइंडेड टीचर’ घ्या. सांधा ‘ट’ आणि ‘म’च्या मध्ये. डावीकडे दोन सिलॅबल, उजवीकडे दोन, कारण ‘माइंड’ ‘ड’ने संपतो आणि प्रत्ययाला स्वतंत्र सिलॅबल मिळतं. विग्रह: ज्याचं मन जागेवर नाही असा. बहुव्रीही, म्हणून एकट्याने ‘ˌअ‍ॅब्·सन्ट-ˈमाइन्·डिड’. पुढे ‘ˈटीचर’ आहे, म्हणून जोर पहिल्या भागावर: ‘अ‍ॅन ˈअ‍ॅब्·सन्ट-माइन्·डिड ˈटी·चर’. सांध्यावरचा ‘ट’ व्यंजनांत दबून जवळजवळ नाहीसा होतो. ‘माइन्’ मऊ झाला तरी त्यातला ‘आइ’ पुरा राहतो, तो ‘अ’ होत नाही. हा बारकावा महत्त्वाचा आहे: जोर कमी झाला म्हणून समासाच्या भागातला मुख्य स्वर आक्रसू देऊ नका. पुसट होतात ते मुळातच दुबळे असलेले ‘सन्ट’ आणि ‘डिड’.

सरावासाठी सुटे शब्द पाठ करू नका, प्रत्येक शब्दाचे दोन तुकडे पाठ करा: एकात तो शेवटी, एकात नामाआधी. आधी शब्दांशिवाय नुसता ताल गुणगुणा, ‘ड-डा-ड’ किंवा ‘डा-ड-ड डा’ असा, आणि टेबलावर बोटाने जोराच्या जागी ठोका द्या. ताल बसला की त्यात शब्द घाला. मग फोनवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर कान आपलीच बाजू घेतो.

पहिल्या दिवशी चार शब्द पुरेत: ‘शॉर्ट-साइटेड’, ‘सीसिक’, ‘बोन-ड्राय’, ‘ओपन-एंडेड’. प्रत्येकाचे दोन तुकडे बनवा आणि आठही ध्वनिमुद्रित करा. ऐकताना तीन शब्दांत जोर जागा बदलताना ऐकू यायला हवा. ‘सीसिक’मध्ये तो दोन्ही वेळा ‘सी’वरच राहिला पाहिजे.